केसांना सहा महिने द्या

नमस्कार श्रोतेहो. आज केस विंचरून झाले की फणीत अडकलेला एक केस उजेडात धरून बघा. एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसेल. तो पाहून कित्येकांच्या पोटात धस्स होतं, ‘केस मुळासकट आला!’ पण तसं नसतं. ज्या पिशवीतून केस उगवतो ती त्वचेतच राहते. तो ठिपका म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या केसाचं टोक.

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. एकेक केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग थांबतो, सुमारे ३ महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. म्हणूनच दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच. न्हायच्या दिवशी जरा जास्तच दिसतात, कारण आधीचे अडकून राहिलेलेही तेव्हाच निघतात.

हे ३ महिने मात्र नीट लक्षात ठेवा. मला एकदा जोराचा ताप आला होता. त्यातून मी उठले, कामाला लागले, आणि अडीच-तीन महिन्यांनी मोरीच्या जाळीवर रोज केसांचा पुंजका साठू लागला. मी शाम्पू बदलला, तेल बदललं, रडलेसुद्धा. कारण मात्र मागे पडलेल्या त्या तापात होतं. बाळंतपण, मोठं ऑपरेशन, झटपट वजन उतरवण्यासाठी केलेली उपासमार, यांचाही हिशोब केस असाच उशिरा मागतात. बहुतेकदा ही गळती सहा महिन्यांत आपोआप थांबते.

मग रोज करायचं काय? आधी ताटाकडे बघा. केस बनतो केराटिन नावाच्या प्रथिनाचा, तेव्हा प्रथिनं रोजच्या जेवणात हवीतच. अंगात लोह कमी असेल तरी केस गळतात, पाळीत रक्तस्राव जास्त होणाऱ्या बायकांनी तर हे तपासूनच घ्यावं. गोळ्या मात्र रक्ततपासणीनंतरच, मनाने नकोत.

आता विंचरणं. खरं नुकसान इथे होतं, असं माझं ठाम मत आहे. ओला केस ताणला की लांबतो आणि चटकन तुटतो. न्हाऊन आल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा. थोडे वाळू द्या. मग मोठ्या दातांची फणी घ्या आणि सुरुवात टोकाकडून करा. शेवटची चार बोटं आधी मोकळी करा, मग थोडं वर, मग आणखी वर. गुंता लागला की वरची बट मुठीत घट्ट धरा, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. यात दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या. केस महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो. वीतभर लांबीवर तुटलेला केस परत तेवढा व्हायला दीड-दोन वर्षं लागतात.

रोज घट्ट बांधू नका. कपाळाच्या कडेला केस ओढल्यासारखे दुखत असतील, तिथे बारीक पुळ्या येत असतील, तर आजच सैल करा. वर्षानुवर्षं ताण बसला तर तिथले केस कायमचे जातात.

तेलाबद्दल नेहमी विचारतात. तेलाने केस मऊ राहतात, कमी तुटतात, जरूर लावा. पण त्याने नवीन केस उगवतील ही आशा ठेवू नका. वस्तऱ्याने काढल्यावर केस दाट येतात, हेही खरं नाही. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते जाड वाटतं इतकंच.

आणि भांग रुंद होत चालला असेल, कपाळाचे कोपरे मागे सरकत असतील, नाण्याएवढी गोल चकती पडली असेल, तर घरी प्रयोग करत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि लवकर जा. आनुवंशिक विरळपणावर औषधं आहेत, पण आहेत ते केस टिकवणं सोपं असतं, गेलेले परत आणणं अवघड. त्या औषधांचा गुण दिसायलाही काही महिने लागतात.

माझी गळती थांबली तेव्हा आधी मला कळलंच नाही. एका सकाळी आरशात भांगाशेजारी बोटाच्या पेराएवढे केस ताठ उभे दिसले, किती चापून बसवले तरी बसेनात. मी फणी खाली ठेवली आणि ते तसेच उभे राहू दिले.