स्काराचा डाव, मोर्शीकडच्या ओसरीवर

(दृश्य : लाकडी पट, वरून. पांढरं प्यादं दोन घरं पुढं येतं. काळ्याचं कडेचं प्यादं एकच घर सरकतं.)

निवेदन :
ई-४. पटावरच्या उभ्या रांगांना ए ते एच ही अक्षरं, आडव्या रांगांना १ ते ८ हे आकडे, आणि दोन्ही मिळून घराचं नाव. राजापुढचं पांढरं प्यादं दोन घरं पुढं आलं. काळ्याचं उत्तर आलं ए-६. वजिराकडच्या हत्तीपुढचं, पार कडेचं प्यादं, तेही एकच घर.

जानेवारी १९८०. स्वीडनमधलं स्कारा, बुद्धिबळाची युरोपियन सांघिक स्पर्धा. पांढऱ्या सोंगट्या अनातोली कार्पोवच्या, तेव्हाच्या जगज्जेत्याच्या. काळ्या सोंगट्या बर्मिंगहॅमच्या टोनी माइल्सच्या. वय २४, चार वर्षांपूर्वीच ग्रँडमास्टर, म्हणजे बुद्धिबळातल्या सर्वोच्च किताबाचा मानकरी झालेला.

कार्पोवनं वजिरापुढचंही प्यादं दोन घरं आणलं. माइल्सनं बी-५ खेळलं आणि बघ्यांना हसू आवरेना. हे माइल्सनंच पुढं सांगितलंय. जगज्जेत्यासमोर दोन खेळ्या झाल्या, पटाचा मधला भाग सगळा पांढऱ्याकडं, आणि हा गडी कडेला प्यादी सरकवत बसलाय!

४६ खेळ्या झाल्या आणि कार्पोवनं डाव सोडला.

(दृश्य : संत्र्याच्या बागा. मातीच्या भिंतीची ओसरी. पटाभोवती पाचसहा माणसं, एक मुलगी.)

निवेदन :
तोच डाव आज अमरावती जिल्ह्यात, मोर्शीच्या पुढं, या ओसरीवर मांडलाय. बागेतली कामं उरकली की इथं पट पडतो. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, ती ग्रँडमास्टर झाली, आणि या ओसरीवर पोरापोरींची गर्दी वाढली. त्याआधी इथं म्हाताऱ्यांचं राज्य होतं, आणि डाव देशी होता.

देशी डावात प्यादं साधारणपणे एकच घर चालतं, पहिल्या खेळीलाही. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवून राजाला आडोशाला नेणं, नाही; राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते. मात प्याद्यानं झाली तर तिचा मान सगळ्यात मोठा. अशा डावात हयात गेलेल्या माणसाला ए-६ चं काही नवल वाटत नाही.

आबाजी (पटाकडं बघत) : "हासाले काय झालं त्याइले? प्यादं एकच घर चालते. आधी आपलं घर बांधा, मंग भांडा."

मुलगी : "पण आबाजी, पांढऱ्याले दोन घरं भेटतात ना! मधली सारी जागा त्याचीच होते."

निवेदन :
पोरीचं म्हणणं खरं आहे. मोबाईलवरचं इंजिन, म्हणजे डाव तोलणारा प्रोग्रॅमही, या सुरुवातीत पांढऱ्याचं पारडं थोडं जड दाखवतं. पण आबाजींना जे दिसतंय तेही तितकंच खरं. काळ्यानं मधला भाग सोडून दिलेला नाही, तो दुरून निशाणा धरतोय. बी-५ मुळं उंटाला बी-७ चं घर मोकळं झालं. तिथून त्याची तिरपी नजर थेट ई-४ वर जाते. घोडा एफ-६ वर येऊन त्याच प्याद्यावर नेम धरतो. सहाव्या खेळीला सी-५ करून माइल्स मध्याला धक्का देतो. कार्पोव प्यादं मारतो, काळा उंट ते परत घेतो, आणि मधल्या दोन पांढऱ्या प्याद्यांची ती रुबाबदार जोडी तिथंच फुटते.

ही सुरुवात माइल्सनं शोधलेली नव्हती. १८६८ मध्ये बेकर नावाच्या इंग्रज हौशी खेळाडूनं ती स्टाइनिट्झवर चालवली होती आणि तो जिंकला होता. स्टाइनिट्झ पुढं पहिला जगज्जेता झाला. त्या दिवशी मात्र तो एकाच वेळी अनेक पटांवर खेळत होता. स्काराचा सामना समोरासमोरचा. तेव्हापासून या सुरुवातीला, म्हणजे सेंट जॉर्ज डिफेन्सला, बर्मिंगहॅम हेही नाव चिकटलं.

(दृश्य : एक तरुण आणि निवृत्त गुरुजी, पटाच्या दोन बाजूंना.)

तरुण : "कार्पोवचं सुरुवातीच्या खेळ्यांचं सारं पाठांतर पहिल्याच खेळीत वाया गेलं, गुरुजी. डाव तिथंच जिंकला माइल्सनं."

गुरुजी : "तिथं नाही जिंकला. चोविसाव्या खेळीला जिंकला. मांडून दाखवतो, थांब."

निवेदन :
या वादात आम्ही गुरुजींच्या बाजूचे आहोत. ए-६ चं कौतुक करता करता लोक पुढचा खेळ बघतच नाहीत, आणि त्यात माइल्सवर अन्याय होतो.

(दृश्य : पट जवळून. गुरुजींची बोटं सोंगट्या ठेवतात.)

निवेदन :
हे बघा. कार्पोवच्या उंटानं एच-७ वर शह दिला, काळा राजा कोपऱ्यात गेला. मग तो उंट सगळी तिरपी वाट मागं येऊन बी-१ वर बसला. तेविसाव्या खेळीला त्याच रेषेत पुढं, डी-३ वर, वजीर आला. दोघांचाही रोख एच-७ वर. आड फक्त त्यांचाच, ई-४ वरचा घोडा. तो एफ-६ वर उडाला की वजीर थेट एच-७ वर उतरून मात करणार.

दुसरा कुणी असता तर राजाला सावरत बसला असता. माइल्सनं एका हत्तीची मारामारी करून घेतली आणि वजीर बी-२ वर नेऊन प्यादं खाल्लं!

तरुण : "अन् घोडा उडाला तं?"

गुरुजी : "उडू दे. काळा वजीर सी-१ वरचा हत्ती मारते, शहासकट. पांढऱ्याले मात करायची सवड कुठं आहे? त्याचाच वजीर माघारी येऊन आड पडते."

निवेदन :
कार्पोवनं हत्ती ई-१ वर हलवला. माइल्सनं ई-५ चंही प्यादं खाल्लं. आता घोडा हलला तर ई-ची उभी रेष मोकळी होते, आणि काळा वजीर पुन्हा हत्ती मारतो, पुन्हा शह देऊन. ज्या घोड्याच्या जोरावर हल्ला उभा होता, त्याला जागचं हलता येईना. एवढी तयारी आणि ती अशी गोठली. कार्पोवला डी-७ चं एक प्यादं परत मिळालं, इतकंच. अठ्ठाविसाव्या खेळीला वजीर-वजीर गेले. माइल्सकडं एक प्यादं जास्त आणि दोन उंट. पुढच्या खेळ्यांत त्यानं कुठंही घाई केली नाही, आणि आम्हाला तो भाग सगळ्यात जास्त आवडतो. जगज्जेता समोर असताना जिंकत आलेला डाव शांत डोक्यानं शेवटाला नेणं फार अवघड.

(दृश्य : मुलगी काळ्या सोंगट्या लावते.)

मुलगी : "तालुक्याच्या स्पर्धेत मी हेच खेळणार."

गुरुजी : "खेळ. पण प्रत्येक खेळी काहून, ते सांगता आलं पाहिजे. बाराव्या खेळीला वजीर सी-७ वर काहून गेला?"

मुलगी (थोडं थांबून) : "ई-५ च्या प्याद्यावर नजर ठेवाले. घोडा सी-६ वरून बघतेच आहे, वजीरबी बघते. तेच प्यादं तं पंचविसाव्या खेळीले खाल्लं ना त्यानं!"

निवेदन :
गुरुजींनी मान डोलावली आणि तेरावी खेळी विचारली.