सबिना पार्कवरचा फॉलोऑन

फेब्रुवारी १९७१. जमैकातील किंग्स्टनचे सबिना पार्क मैदान. धावफलकावर भारताच्या ७५ धावा लागल्या आहेत आणि पाच गडी तंबूत परतले आहेत. पहिला दिवस पावसाने वाया गेला. नखुरड्याने बोट सुजल्यामुळे सुनील गावसकर नावाचा नवखा सलामीवीर संघाबाहेर बसला आहे. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताने तोवर एकही कसोटी जिंकलेली नव्हती. १९६२ च्या दौऱ्यात तर पाचच्या पाच कसोट्या गमावून संघ मायदेशी परतला होता.

तो दौरा अनुभवलेले दिलीप सरदेसाई आता खेळपट्टीवर उभे आहेत. मडगावात जन्मलेल्या आणि मुंबईत नावारूपाला आलेल्या सरदेसाईंना या वेळी संघात जागा मिळाली, ती नवे कर्णधार अजित वाडेकर यांच्या आग्रहामुळे. त्यांच्या साथीला आहेत एकनाथ सोलकर, मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचे चिरंजीव. या दोघांनी १३७ धावांची भागी केली. सोलकर ६१ धावांवर बाद झाले, पण सरदेसाई हटले नाहीत. पुढे नवव्या गड्यासाठी त्यांनी प्रसन्ना यांच्यासह १२२ धावा जोडल्या. त्या भागीत प्रसन्नांचा वाटा थोडाच होता. परंतु एक टोक धरून उभे राहण्याचे मोल अशा वेळी धावांमध्ये मोजता येत नाही. सरदेसाई २१२, भारत सर्वबाद ३८७.

वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. आघाडी १७० धावांची होती. पाच दिवसांच्या कसोटीत फॉलोऑन देण्यासाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवण्यासाठी, २०० धावांची आघाडी लागते. मात्र पहिला दिवस पूर्ण वाया गेला असेल, तर १५० धावाही पुरतात. वाडेकर स्वतः वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि त्यांनी त्यांचे कर्णधार गॅरी सोबर्स यांना पुन्हा फलंदाजी करण्यास सांगितले. सोबर्स चकित झाले. वेस्ट इंडीजला भारताकडून फॉलोऑन मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

कन्हाय यांच्या नाबाद १५८ आणि सोबर्स यांच्या ९३ धावांमुळे सामना अनिर्णित राहिला. तरीही या दौऱ्याचे पारडे फिरले ते याच मैदानावर, असे आम्हाला मनापासून वाटते. त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनमधील पुढच्या कसोटीत आबिद अली यांनी सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर फ्रेडरिक्स यांचा त्रिफळा उडवला. सरदेसाईंनी ११२ धावा केल्या आणि पदार्पण करणाऱ्या गावसकरांनी ६५ व नाबाद ६७. वेस्ट इंडीजच्या दुसऱ्या डावात सलीम दुराणी यांनी सोबर्स यांना शून्यावर त्रिफळाचीत केले, शिवाय क्लाइव्ह लॉइड यांनाही टिपले. भारताने सात गडी राखून विजय मिळवला.

बार्बाडोसमध्ये ६ बाद ७० अशी अवस्था असताना पुन्हा सरदेसाई आणि सोलकर हीच जोडी उभी राहिली. सरदेसाईंनी १५० धावा केल्या आणि तीही कसोटी वाचली. मालिकेत गावसकरांच्या ७७४ धावा झाल्या, सरदेसाईंच्या ६४२. अखेरची कसोटी पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनलाच होती. दात ठणकत असतानाही गावसकरांनी तिथे १२४ आणि २२० धावा काढल्या. सामना संपला तेव्हा वेस्ट इंडीजची धावसंख्या होती ८ बाद १६५, आणि मालिका भारताने १-० अशी जिंकली होती.