बॅटरीपासून रस्त्यापर्यंत: कमी खर्चात हेडलाइटचा उजेड

मंडळी, नमस्कार.

माझ्याकडे गाड्या येतात त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार एकाच वाक्यात मावते: 'रात्री गाडीचा उजेडच पडत नाही, चांगले बल्ब सुचवा.' बल्ब मी सुचवतो, पण लगेच नाही. आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, काढतो. असं का, ते एका गाडीवरून सांगतो.

दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी होती, एच-४ या हॅलोजन बल्बची. मालकांनी वर्षभरात तीन वेळा बल्ब बदलले होते, प्रत्येक वेळी आधीपेक्षा महाग. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, १३.९ व्होल्ट भरले. उत्तम. मग डिपर लावून बल्बच्या कपलरवर, म्हणजे बल्बला वायर जोडणाऱ्या प्लगवर मोजलं, तर ११.९. दोन व्होल्ट वाटेत कुठेतरी सांडत होते. दोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. त्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. म्हणजे व्होल्टेज दहा टक्के घटलं की उजेड तीस टक्के जातो. या गाडीचा हिशोब मांडला, तर बल्बला मिळू शकणाऱ्या उजेडातला चाळीस टक्के वायरमध्येच संपत होता. बल्ब कितीही भारी लावला असता तरी हीच गत झाली असती.

दोष सापडला तो अर्थच्या स्क्रूखाली. हेडलाइटच्या मागे काळी वायर बॉडीला जोडलेली असते. तिच्या चकतीखाली गंज धरला होता, तपकिरी आणि भुसभुशीत. स्क्रू काढला, चकती आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, घट्ट आवळला आणि वरून ग्रीसचा हात फिरवला. परत मोजलं तर १३.२. त्याच जुन्या बल्बचा उजेड चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढला. लागला तो फक्त पॉलिश पेपरचा एक तुकडा.

आज मला मुख्यतः हेच सांगायचं आहे. उजेड फक्त बल्बमध्ये नसतो. बॅटरीतून निघून रस्त्यावर पोचेपर्यंत त्याची लांब वाट असते आणि तो त्या वाटेवर जागोजागी गळतो. पैसे कमी असतील, तर आधी गळती बंद करा.

मोजायची पद्धत नीट समजून घ्या, कारण इथे अनेकांची चूक होते. कपलर बल्बवरून काढून त्यात मीटरच्या पिना घातल्या, तर व्होल्टेज पूर्ण दिसतं आणि आपण म्हणतो, वायरिंग ठीक आहे. पण तेव्हा करंटच वाहत नसतो. नळ बंद असताना पाइपात दाब पूर्ण असतो. पाइप आतून चोंदलाय की नाही, ते नळ सोडल्यावरच कळतं. म्हणून कपलर बल्बवर, दिवा लागलेला, आणि मीटरची पीन कपलरच्या मागच्या बाजूनं धातूला टेकवायची. त्याहून सोपी रीत म्हणजे मीटरची एक पीन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या प्लसवर ठेवायची. मीटर जे दाखवील, तेवढे व्होल्ट त्या वाटेत हरवले. हेच मायनसच्या बाजूला करा. कुठल्याही बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर शोध घेण्यासारखं आहे. ढिला फ्यूज, काळवंडलेला कपलर, गंजलेला अर्थ, जळकं स्विच, यांपैकीच काहीतरी असतं. मात्र अलीकडच्या काही गाड्यांत दिव्यांचा पुरवठा कंट्रोल युनिटकडून तुटक तुटक झटक्यांनी होतो. तिथे साध्या मीटरचं वाचन फसवं असतं आणि वायरी छेडणंही बरं नाही. त्या गाड्यांना हा भाग लागू नाही.

जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो आणि वायरही बारीक असते. तिथे रिलेचं हार्नेस, म्हणजे छोट्या करंटनं चालणाऱ्या वेगळ्या स्विचसह वायरींचा जोड, बसवलं, तर बल्बला बॅटरीवरून जाड वायरनं थेट पुरवठा मिळतो आणि स्विचवरचा भारही उतरतो. बॅटरीजवळ फ्यूज मात्र हवाच, तो गाळून चालणार नाही.

आता पुढची गळती. ती तुम्हाला डोळ्यांनी दिसते, तरी दुर्लक्षित राहते: समोरची काच. तिला आपण काच म्हणतो, पण गेल्या बऱ्याच वर्षांतल्या गाड्यांवर ती पॉलिकार्बोनेटची असते, म्हणजे प्लॅस्टिकचीच. कंपनीतून येताना तिच्यावर कडक संरक्षक लेप असतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो लेप झिजला की खालचं प्लॅस्टिक पिवळं पडतं, धुरकटतं. मग दोन तोटे होतात. उजेड कमी बाहेर पडतो आणि जो पडतो तो इकडेतिकडे विखुरतो. तुम्हाला रस्ता दिसत नाही, तरी समोरच्याच्या डोळ्यांत तिरीप जाते.

यावर वॉटर पेपरचा उपाय उत्तम. भोवतालच्या रंगाला मास्किंग टेप लावा. पाणी मारत आधी ८०० नंबर, मग १५००, २००० आणि शेवटी ३०००. ८०० नं घासताना पिवळट, दुधासारखं पाणी निथळू लागतं. तो जुना, मेलेला लेप असतो. ते पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुढच्या नंबरवर जायचं नाही. या टप्प्यावर काच आणखीच पांढुरकी दिसते आणि बऱ्याच जणांचा धीर सुटतो. घाबरू नका, पुढच्या कागदांनी आणि पॉलिशनं ती उजळते. टूथपेस्टनं घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यानं चकाकी येते हे खरं, पण लेप परत येत नाही, म्हणून थोड्याच दिवसांत काच पुन्हा पिवळी पडते. शेवटी अतिनील किरण रोखणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लेप, मारला, तरच हे काम टिकतं. आतला रिफ्लेक्टर बघायलाही विसरू नका. त्याचा चंदेरी मुलामा काळवंडला किंवा उडाला असेल, तर घासून तो परत येत नाही. तिथे हेडलाइटचा संच बदलणं हाच मार्ग.

एवढं झाल्यावर बल्बकडे वळू.

एच-४ बल्ब १९७१ साली आला. एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर अशा दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या तारा, ६० आणि ५५ वॉटच्या. नियमानं त्यांचा उजेड साधारण १६५० आणि १००० लुमेन (लुमेन हे उजेडाचं माप). एच-७ मध्ये एकच फिलामेंट, ५५ वॉट, १५०० लुमेन. हे आकडे आंतरराष्ट्रीय नियमात ठरलेले आहेत, एच-७ साठी दहा टक्के आणि एच-४ साठी पंधरा टक्के कमी-जास्त, बस. मग खोक्यावर '१३० टक्के जास्त उजेड' कसं छापतात? मर्यादा ओलांडता येत नाही, तर बल्ब दुप्पट उजेड देणार कुठून? ती तुलना बल्बच्या एकूण उजेडाची नसतेच. रस्त्यावरच्या ठरावीक बिंदूंवर नियमानं जो किमान उजेड हवा, त्याच्याशी ती केलेली असते. हे बल्ब खोटे नाहीत, हे मी स्पष्ट सांगतो. त्यांची फिलामेंट आखूड आणि घट्ट वळणांची असते, जास्त तापते, त्यामुळे उजेड एका जागी गोळा होऊन लांब जातो. पण जास्त तापलेलं टंगस्टन लवकर झिजतं, म्हणून आयुष्य खूप कमी होतं. कमी खर्चात काम करायचं असेल, तर खोक्यावर तीस ते पन्नास टक्के लिहिलेला, साध्या पारदर्शक काचेचा, मूळ वॉटचा बल्ब मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आणखी एक हिशोब ध्यानात ठेवा. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरतो. दुप्पट लांबवर तितकंच स्पष्ट दिसायचं, तर चौपट उजेड हवा. तीस टक्के उजेड वाढला, तर नजरेचा पल्ला वाढतो जेमतेम चौदा टक्के. तरीही ते चौदा टक्के मोलाचे असतात: ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदात बावीस मीटर कापते.

निळ्या झाकेचे बल्ब घेऊ नका. तो निळा लेप पिवळा-तांबडा उजेड गाळून टाकतो. रंग पांढरा दिसतो, पण उजेड घटतो. १००/९० वॉटचे बल्बही नकोत. ६० च्या जागी १०० वॉट म्हणजे करंट पाच अँपिअरवरून आठच्या वर. जोडातली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच कपलरमध्ये जवळपास पावणेतीन पट. होल्डर वितळून बल्बला चिकटलेले मी कित्येकदा स्वतःच्या हातांनी सोडवले आहेत.

बल्ब जोडीनंच बदला. जुना बल्ब जळायच्या आधीच मंदावलेला असतो. एकच बदलला तर दोन बाजू वेगळ्या दिसतात. बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापलेल्या क्वार्ट्झच्या काचेवर भाजतं, तिथे काच कमकुवत होते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच, तर स्पिरिटनं पुसून घ्या.

बसवताना एच-४ च्या कॉलरवर तीन जिभा असतात. त्या समान नसतात, म्हणून बल्ब एकाच रीतीनं बसतो. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी दिसेल. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून डिपरचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्यावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर वळतो. भिंतीवर दिसणारी उजेडाची सरळ वरची कड त्या वाटीच्या काठाची देणगी आहे. बल्ब किंचित वाकडा बसला, तरी ती कड बिघडते.

म्हणूनच हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी घालताना मी लोकांना थांबवतो. रिफ्लेक्टर एका विशिष्ट जागेच्या, विशिष्ट आकाराच्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. तिथे मिलिमीटरच्या अंशांनीही फरक पडतो. एलईडीच्या चिप त्याच जागी, त्याच आकारात उजेड देतीलच असं नाही. मग गाडीपुढची चार-पाच मीटर जमीन लख्ख पांढरी होते, आपल्याला वाटतं काय उजेड आहे, आणि त्या लख्ख जमिनीमुळेच आपल्या बाहुल्या आक्रसून लांबचं दिसेनासं होतं. समोरच्याला तर काहीच दिसत नाही. काही देशांत ठरावीक गाड्यांसाठी तपासून मंजूर केलेले एलईडी मिळतात. तुमच्या मॉडेलसाठी तशी मंजुरी असेल, तर खुशाल घ्या.

शेवटचं काम कोन बसवण्याचं. टायरमध्ये हवा बरोबर, मागे सामान नाही, चालक जागेवर बसलेला आणि डॅशबोर्डवर उजेडाचा कोन बदलण्याचं छोटं चाक असेल तर ते शून्यावर. सपाट जमिनीवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, बल्बच्या मध्यबिंदूची उंची भिंतीवर आखा, आणि हेडलाइटचा कोन बसवण्याचा स्क्रू फिरवून डिपरची वरची कड त्या रेघेच्या दहा सेंटिमीटर खाली आणा. हा झाला एक टक्क्याचा उतार. तुमच्या हेडलाइटवर वेगळा आकडा छापला असेल, तर तो पाळा.

मग गाडीत कुणाला तरी बसवून डिपर लावायला सांगा आणि स्वतः तीस पावलं पुढे जाऊन वळून, समोरच्या गाडीतल्या चालकाचे डोळे जितक्या उंचीवर असतात तितकं खाली वाका. तिथून तुम्हाला दोन दिवे दिसले पाहिजेत, दोन झोत नव्हे. झोत दिसले, तर परत भिंतीकडे या आणि स्क्रू आणखी अर्धा फेरा फिरवून पुन्हा बघा.