वाघाच्या पायाखालची जमीन

नमस्कार मंडळी. भिंतींवर निसर्गचित्रं आणि दालनाच्या मधोमध प्राण्यांची शिल्पं, असं दोन कलावंतांचं एकत्र प्रदर्शन बघितलंय का तुम्ही कधी? बघायला मिळालं तर सोडू नका, आणि गेलात की आधी प्राण्याच्या तोंडाकडे नका बघू, त्याच्या पायाखाली बघा.

का ते सांगतो. अशी जोडी म्हटली की मला पहिल्यांदा आठवतात ते तेओदोर रूसो आणि आंत्वान-लुई बारी, दोघंही एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच. रूसो म्हणजे तो तत्त्वज्ञ नव्हे हां, हा चित्रकार, १८१२ चा जन्म, पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलाला लागून बार्बिझों नावाचं गाव आहे तिथे राहून ओकची झाडं आणि खडक रंगवणारा. बारी शिल्पकार, वयाने त्याच्याहून बराच मोठा, आणि त्याचा जीव अडकला होता प्राण्यांत.

पण बारीने वाघ-सिंह बघितले कुठे, तर पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात, पिंजऱ्यात. १८२०च्या दशकाच्या शेवटी तिथला एक सिंह मेला तेव्हा देलाक्रवाने, हो तोच प्रसिद्ध चित्रकार, बारीला चिठ्ठी पाठवली की सिंह मेलाय, धावत ये, आणि मग दोघांनी त्या मेलेल्या सिंहाची ड्रॉइंग्ज केली. हे सगळं पुढे बारीच्या हातात उतरलेलं दिसतं. सलों म्हणजे पॅरिसचं मोठं सरकारी कलाप्रदर्शन, त्यात १८३३ ला त्याने सिंह आणि सापाचं प्लास्टरचं शिल्प मांडलं, त्याचं ब्रॉन्झ आता लूव्र संग्रहालयात आहे. सिंहाचा पंजा सापावर दाबलेला, साप खालून तोंड उघडून वर येतोय, सिंहाचे ओठ मागे ओढलेले, आणि पंजाच्या वरचे स्नायू असे ताणलेत की आपलाच हात आखडतो बघताना.

आता खाली बघा. सिंह सपाट चौथऱ्यावर नाहीये, खडबडीत दगडावर आहे, म्हणजे शिल्पकाराला जेवढी जागा होती तेवढ्यात त्याने जमीन आणलीय, पण ती संपते लगेच, हातभर पुढे काही नाही. आणि रूसोच्या चित्रात जमीनच जमीन, खडक, डबकी, झाडं, आणि जनावर असलं तर बहुतेक वेळा लांबवर एखादी गाय. दोघं शेजारी आले की एकाचं संपतं तिथून दुसऱ्याचं सुरू होतं, माझ्या मते अशा जोडीचं खरं सुख हेच, आणि चित्र आणि शिल्प निव्वळ एका काळातले म्हणून एकत्र ठेवले तर ते मिळत नाही.

या दोघांना सलोंच्या परीक्षकांनी दुखावलंही सारखंच. रूसोचं डोंगरावरून उतरणाऱ्या गायींचं मोठं चित्र १८३६ ला नाकारलं, बारीचं राजपुत्रासाठी केलेलं मेजवानीच्या टेबलावरचं शिल्पकाम १८३७ ला. पुढे कित्येक वर्षं दोघांचंही काम तिथे दिसलं नाही. १८४८ मध्ये बारीचं दिवाळं निघालं, स्वतःच्या शिल्पांचे साचेसुद्धा सावकाराकडे गेले, आणि ते परत मिळायला जवळजवळ दहा वर्षं लागली. फार वाईट वाटतं हे वाचून, इतका मोठा माणूस.

आणि हाच बारी बार्बिझोंला जायचा, रूसोच्या त्याच जंगलात, आणि तिथे बसून खडकांची, झाडांची चित्रं काढायचा. त्याचे जलरंग बघा कधीतरी, त्यात वाघ आहेत, सिंह आहेत, पण ते ना आफ्रिकेत ना भारतात, ते फोंतेनब्लोच्या खडकांत बसलेत. पिंजऱ्यात पाहिलेल्या वाघाला त्याने आपल्या ओळखीच्या जंगलात नेऊन सोडलं.

म्हणून म्हणतो, अशा दालनात ब्रॉन्झभोवती एक चक्कर मारा, मग जरा वाका, शिल्पातला वाघ आणि मागचं चित्र एका रेषेत येईल इतपत, आणि थोडा वेळ तसेच थांबा. गार्ड बघत असेल तर बघू दे.