झुरिकच्या छापखान्यातले सॉसेज

श्रोतेहो, नमस्कार. युरोपातल्या धर्मसुधारणेचा विषय निघाला की आपण ल्यूथर आणि त्याच्या 1517 च्या 95 कलमांपाशीच घुटमळतो. आज झुरिकला जाऊ या, तेही थेट एका मुद्रकाच्या घरी.

साल 1522, महिना मार्च. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ नुकताच लागलेला, म्हणजे मांस वर्ज्य. अशा दिवसांत ख्रिस्तोफ फ्रोशाउअरच्या घरी धूर दिलेले दोन सॉसेज कापले गेले आणि जमलेल्या मंडळींत वाटले गेले. तुकडे अगदी प्रसादाएवढे! शहरातल्या मोठ्या चर्चचा धर्मोपदेशक हुल्ड्रिख झ्विंग्ली तिथेच होता. त्याने तुकडा तोंडात टाकला नाही, पण खाणाऱ्यांना अडवलंही नाही.

गावभर बोभाटा झाला. नगरपरिषदेने चौकशी लावली. फ्रोशाउअरने बाजू मांडली ती अशी, की फ्रँकफर्टच्या जत्रेआधी पुस्तक हातावेगळं करायचंय, माणसं रात्रंदिवस राबताहेत, नुसत्या लापशीवर त्यांचं कसं भागणार? आणि मासळी रोज कुठून परवडणार? सबब मोठी बेरकी होती, कारण पोट कामगारांचं पुढे केलं तरी रोख धर्माज्ञेवर होता.

झ्विंग्लीने तो रोख उघड केला. 23 मार्चला त्याने व्यासपीठावरून सांगितलं, की अमुक खाऊ नका असा नियम बायबलने घातलेला नाही. ज्याला उपास करायचाय त्याने खुशाल करावा, दुसऱ्यावर सक्ती नको. हे प्रवचन पुढच्याच महिन्यात पुस्तकरूपाने निघालं. छापणारा कोण? अर्थात फ्रोशाउअर!

झुरिक ज्याच्या धर्मक्षेत्रात होतं, त्या कॉन्स्टन्सच्या बिशपची माणसं समज द्यायला येऊन गेली, उपयोग झाला नाही. जानेवारी 1523 मध्ये झ्विंग्लीच्या 67 कलमांवर जाहीर वाद झाला, लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या जर्मनमध्ये. निवाडा पोपचाही नव्हता आणि बिशपचाही. तो दिला नगरपरिषदेने, झ्विंग्लीच्या बाजूने. 1525 पर्यंत जुनी मिस्सा, म्हणजे कॅथलिक पद्धतीची मुख्य उपासना, बंद झाली.

पण निवाड्याचा हक्क परिषदेकडे गेला तो गेलाच. झ्विंग्लीच्याच वर्तुळातला फेलिक्स मान्झ विचारू लागला, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याचा पाण्याचा संस्कार, तरी बायबलमध्ये कुठे सांगितलाय? कसोटी झ्विंग्लीचीच होती. मान्झने मोठ्यांना नव्याने बाप्तिस्मा देणं सोडलं नाही, तेव्हा 5 जानेवारी 1527 रोजी परिषदेने त्याला हातपाय बांधून लिम्माट नदीत बुडवलं. उपासाची सक्ती नको म्हणणारा झ्विंग्ली या वेळी परिषदेच्या बाजूने होता.