शनिवारी घाणा बंद

[दृश्य : थांबलेला लाकडी तेलघाणा. मागे समुद्राची गाज.]

कोकणात तेली दोन तऱ्हेचे. काही सोमवारी घाणा बंद ठेवायचे, शंकराचा वार म्हणून. काही शनिवारी. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात या दुसऱ्यांना नावच पडलं होतं, शनिवार तेली. बोली तीच, लुगडं तेच, आडनावंही गावांवरून आलेली : पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. फरक इतकाच, की शुक्रवारी दिवस मावळला की बैलाच्या मानेवरचं जू उतरायचं, आणि शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ते परत चढायचं नाही.

हे लोक कोकणातले यहुदी. स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. का थांबवता घाणा, असं त्या काळी कुणी विचारलं असतं, तर ग्रंथातलं वचन काढून दाखवणं त्यांना जमलं नसतं. त्यांची परंपरा सांगते, की ग्रंथ समुद्रात गेले.

[दृश्य : नवगावचा किनारा. स्मारक.]

दोन हजार वर्षांपूर्वी इथं नवगावजवळ एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना इथंच पुरलं. ही समाजाने जपलेली आठवण आहे. इतिहासकारांचे त्यावर वाद आहेत आणि ते चालू राहतील. आपल्याला त्यापेक्षा मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. पोथ्या गेल्या, हिब्रू भाषा गेली, तरी काय उरलं? मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर असलेलीच मासळी. शनिवार. आणि एक वाक्य.

पुढे दाविद रहाबी नावाचा एक परदेशी यहुदी इथं आला, म्हणतात. त्याने बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी मिसळून ठेवली. त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली, तेव्हा त्याला खूण पटली. मासळीची ही गोष्ट सगळेच रंगवून सांगतात, कोकणातली आहे ना! पण खरी ओळख त्या वाक्यात होती.

[दृश्य : काळा पडदा. फक्त आवाज.]

शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद.

ऐक, इस्राएला : परमेश्वर आपला देव आहे, परमेश्वर एक आहे.

मराठी कान 'एखाद' या शब्दाशी अडखळतो. आपल्याकडे 'एखादा' म्हणजे कुणीतरी, कुठलाही. हिब्रूत नेमकं उलट : एकच, दुसरा नसलेला. हे वाक्य, म्हणजे शेमा, तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या पाचव्या ग्रंथातलं, सहाव्या अध्यायातलं. यहुदी माणूस ते सकाळी म्हणतो, रात्री म्हणतो, मरताना म्हणतो. म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकतो. बेने इस्रायलांच्या घरी, दुसरी प्रार्थनाच येत नव्हती त्या काळात, बारशाला हेच, लग्नाला हेच आणि मयतालाही हेच.

तोराच्या हस्तलिखित गुंडाळीत या वाक्यातली दोन अक्षरं मुद्दाम मोठी काढतात. पहिल्या शब्दाचं शेवटचं, 'आयिन'. आणि वाक्याचं शेवटचं, 'दालेत'. दोन्ही जोडली की शब्द होतो 'एद', साक्षीदार. दालेत मोठं काढण्याचं आणखी एक कारण सांगतात. हिब्रूत 'द' आणि 'र' इतके सारखे दिसतात, की एक कोपरा गोल झाला की 'एखाद'चं 'आखेर' होतं, म्हणजे 'दुसरा'. लेखनिकाचा हात जरा घसरला तर एक देव दुसरा देव होऊन बसायचा!

हा 'एखाद' लांबवून म्हणावा, असं तालमुद हा यहुदी धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो. तिथेच रब्बी, म्हणजे धर्मगुरू, अकिवाची कथा येते. दुसऱ्या शतकात रोमनांनी त्यांना पकडलं आणि लोखंडी फण्यांनी त्यांचं अंग सोलायला घेतलं. ती वेळ शेमाची होती. अकिवा शेमा म्हणू लागले. त्यांनी 'एखाद' लांबवला, आणि तो शब्द ओठांवर असतानाच प्राण गेला.

[दृश्य : सिनेगॉगचा, म्हणजे यहुदी प्रार्थनाघराचा, आतला भाग. पडद्याआडचं कपाट. कुठेही मूर्ती नाही, चित्र नाही.]

आता कुणी म्हणेल, देव एकच आहे हे आमची आजीही सांगायची. खरंच सांगायची. पण आजीचा 'एक' आणि शेमाचा 'एक' यांत अंतर आहे. आपल्याकडे विठ्ठल म्हणा, राम म्हणा, नावं अनेक आणि तत्त्व एक. जळी-स्थळी तोच भरलेला. यहुदी विचारात निर्माता वेगळा आणि निर्मिती वेगळी. समुद्र त्याने केला, पण समुद्र म्हणजे तो नव्हे. म्हणून समुद्राला नमस्कार नाही, सूर्याला अर्घ्य नाही, आणि त्याची मूर्ती तर नाहीच, कारण घडवायची कशावरून?

बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन, म्हणजेच रामबाम, यांनी हा 'एक' फोडून सांगितला. जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा, पेशाने वैद्य, आयुष्य इजिप्तमध्ये गेलं, मृत्यू 1204 सालचा. त्यांच्या श्रद्धेच्या तेरा तत्त्वांत पहिलं निर्मात्याच्या अस्तित्वाचं आणि दुसरं त्याच्या एकत्वाचं. ते कोकणी भाषेत सांगायचं तर असं : हापूस ही एक जात, पण तीत आंबे हजार. देव तसा एक नाही. नारळ एक, पण फोडला की वाट्या दोन. देव तसाही एक नाही. त्याला शरीर नाही, भाग नाहीत. मग तोरात 'देवाचा हात' कसा येतो? रामबाम जुनं वचन पुढे करतात : तोरा माणसांच्या भाषेत बोलते.

याच रामबामांनी उतारवयात फ्रान्समधल्या ल्युनेलच्या पंडितांना एक पत्र लिहिलं. त्यात एक ओझरता उल्लेख आहे : हिंदुस्थानातले यहुदी, ज्यांना तोरा माहीत नाही, ते फक्त शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात. हे कोकणातलेच लोक का, यावर एकमत नाही. पण तेलघाण्याचा आवाज ऐकलेल्या माणसाला हे वाचून थांबायला होतं.

[दृश्य : पुन्हा घाणा. बैल झाडाखाली रवंथ करतोय.]

फक्त शब्बाथ. 'फक्त' म्हणण्याइतकी ती लहान गोष्ट आहे का? सहा दिवसांत देवाने आकाश, पृथ्वी, समुद्र केले आणि सातव्या दिवशी तो थांबला, म्हणून तू थांब. दहा आज्ञांत शब्बाथचं हे कारण दिलंय. त्याच आज्ञा तोरात पुन्हा येतात तेव्हा कारण दुसरं आहे : तू मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होतास, तेव्हा तुझ्या दासालाही विसावू दे, तुझ्या बैलालाही. म्हणजे जगाला निर्माता आहे, या गोष्टीची साक्ष इथं बैलाने दिली. माणसाला वाचता येत नव्हतं, तरी आठवड्याला एकदा घाणा थांबत होता आणि निर्मितीचा पहिला अध्याय पाळला जात होता.

त्या पहिल्या अध्यायाची सुरुवात 'बेरेशित बारा' अशी आहे. आरंभी निर्माण केलं. हिब्रूतलं हे 'बारा' क्रियापद तोरात देवासाठीच वापरलंय. सुतार घडवतो, कुंभार घडवतो. 'बारा' त्यांच्यासाठी येत नाही. आणि पहिलं अक्षर आहे 'बेत'. ते तीन बाजूंनी बंद असतं, फक्त पुढे वाचायच्या दिशेने उघडं. जुने रब्बी म्हणत, वर काय, खाली काय, आधी काय होतं, ते विचारत बसू नका. इथून पुढे चला.

मिश्ना या जुन्या यहुदी नियमग्रंथात एक दाखला आहे, तो मला फार आवडतो. माणूस एका साच्यातून नाणी पाडतो आणि सगळी सारखी निघतात. देवाने सगळी माणसं पहिल्या माणसाच्या, आदामाच्या, एकाच साच्यातून काढली आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. शिवाय आदाम एकटाच निर्मिला, तो का? तर कुणी कुणाला म्हणू नये, माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा.

[दृश्य : जुनी मराठी छपाई. खिळ्यांचे ठसे.]

एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले. शाळा काढल्या, बायबल मराठीत आणलं. 1832 साली जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी शिक्षण घेतलं, हिब्रू घेतली, आणि बहुतेकांनी धर्म स्वतःचाच ठेवला. 'एखाद' पिढ्यान्‌पिढ्या घोकलेल्यांना पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे गणित जुळणं कठीणच होतं. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. मुंबईत अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांची कीर्तनंही होऊ लागली, साकी-दिंडीच्या चालीत.

[दृश्य : मलिद्याचं ताट.]

हे ताट मलिद्याचं. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. नवस फिटला, लग्न ठरलं, की एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा होतो. खाण्याआधी एकेका फळावर आशीर्वचन म्हणतात : धन्य तू, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, झाडाचं फळ निर्माण करणारा. 'केलेलं' असं नाही, 'करणारा'. सकाळच्या प्रार्थनेतही तेच आहे : तो रोज निर्मिती नव्याने करतो.

सफरचंदाला हे वचन चालतं. खजुराला चालतं. केळ्याला मात्र नाही. केळ एकदा व्याली की तिचा खांब तोडावा लागतो, दर वर्षी फळणारं ते झाड नव्हे. म्हणून यहुदी शास्त्राने केळं झाडाच्या यादीतून काढून जमिनीच्या यादीत घातलं. त्याच्यासाठी वचन वेगळं : बोरे पेरी हाअदामा. जमिनीचं फळ निर्माण करणारा.

ताटातलं केळं उचललं जातं. वचन म्हटलं जातं. सगळे म्हणतात, आमेन.