चित्रपटाचा बहुव्रीही

अध्यक्षमहोदय, अध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रहो,

‘माध्यम अभ्यासाच्या विद्यार्थ्याने चित्रपटाची भाषा कशी शिकावी’ असा विषय निमंत्रणपत्रिकेत छापला आहे आणि त्यावर मी बोलणारच आहे; मात्र आधी एक तक्रार मांडल्यावाचून माझी गाडी पुढे सरकणार नाही. गेली अनेक वर्षे मी उत्तरपत्रिका तपासतो आहे आणि त्यांतले एक वाक्य आता मला झोपेतही दिसते : ‘लो अँगल म्हणजे सत्ता, हाय अँगल म्हणजे असहायता.’ (लो अँगलमध्ये कॅमेरा खालून वर पाहतो, हाय अँगलमध्ये वरून खाली.) पाठोपाठ ‘क्लोज-अप म्हणजे भावना’ आणि ‘लाल रंग म्हणजे धोका’ ही त्याची भावंडे येतात. हे खरे असते, तर पडद्यावर टोमॅटो चिरणाऱ्या प्रत्येक पात्राच्या काळजीने आपला जीव टांगणीला लागला असता. (हसलात, म्हणजे तुमच्यापैकी काहींनी हे लिहिलेले आहे.)

दोष विद्यार्थ्यांचा नाही. पहिल्या तासाला आम्हीच शॉटांच्या नावांची यादी देतो, जणू शॉट म्हणजे शब्द आणि प्रत्येक शब्दापुढे कोशात त्याचा अर्थ लिहिलेला आहे. फ्रेंच चित्रपट-अभ्यासक क्रिस्तियान मेत्झ यांनी 1964 मधल्या निबंधात या समजुतीच्या मुळावरच घाव घातला होता. पिस्तुलाचा क्लोज-अप ‘पिस्तूल’ या एका शब्दाइतका कधीच नसतो, तो किमान ‘हे पाहा, इथे पिस्तूल आहे’ एवढे तरी सांगतो, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे सर्वांत लहान शॉटसुद्धा वाक्याच्या घरचा, आणि वाक्यांचा कोश कोणी केलेला मला ठाऊक नाही.

मला ही गोष्ट मेत्झ वाचून कळलेली नाही, फजिती होऊन कळली. विद्यार्थी असताना आम्हाला संभाषणाचा साधा सराव दिला होता : दोन मित्र टेबलाच्या दोन बाजूंना बसून एका पत्राविषयी बोलतात, एवढेच. पहिल्या मित्राचे शॉट घेऊन झाले. दुसऱ्याची वेळ येईपर्यंत खिडकीतून फार सुंदर ऊन आत आले होते, आणि त्या उन्हाच्या मोहाने मी ट्रायपॉड उचलून टेबलाच्या पलीकडे नेऊन ठेवला. एडिट टेबलावर बसल्यावर पाहतो तो दोन्ही मित्र उजवीकडेच पाहत आहेत! पात्रांना जोडणारी एक रेषा कल्पायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूच्या 180 अंशांत ठेवायचा, हा नियम मी वहीत दोनदा अधोरेखित केला होता. ऊन पाहिल्यावर वही कोणाला आठवते?

मग मी चलाखी केली आणि दुसऱ्या मित्राचा शॉट आरशासारखा उलटा केला. नजर जुळली, परंतु त्याचे घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात गेले, सदऱ्याचा खिसा उजवीकडे आला आणि मागच्या कॅलेंडरावरचे आकडे एका रांगेत पाठ फिरवल्यासारखे दिसू लागले. शेवटी मूळ शॉट तसाच ठेवून सराव वर्गात दाखवला. दिवे लागल्यावर आमच्या अध्यापकांनी अत्यंत गंभीरपणे विचारले, “तो उजवीकडे बसलेला तिसरा माणूस कोण?” वर्ग हसला. मलाही हसावे लागले, कारण तोपर्यंत तो तिसरा माणूस मलाही स्पष्ट दिसू लागला होता.

त्या तिसऱ्या माणसाने मला आजवर सोडलेले नाही. तो पहिल्या शॉटमध्ये नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. दोहोंच्या सांध्यातून तो जन्मला. शाळेत आपण बहुव्रीही समास शिकलो. ‘लंबोदर’ शब्दात लांब आहे, उदर आहे, पण नमस्कार करायचा तो दोहोंत नसलेल्या तिसऱ्यालाच. माझे लाडके मत एवढेच की कट, म्हणजे दोन शॉटांचा सांधा, हा बहुव्रीही आहे. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन यांना हीच गोष्ट सांगायला 1929 मध्ये जपानी लिपीपर्यंत जावे लागले : कुत्रा आणि तोंड ही चिन्हे जोडली की भुंकणे, सुरी आणि हृदय जोडले की दुःख. त्यांना मराठी व्याकरण शिकवायला कोणी भेटले असते, तर तो प्रवास वाचला असता.

आणखी एक सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोव, यांचा प्रयोग तुम्ही सर्वांनी वाचला आहे : नटाचा एकच निर्विकार चेहरा, आणि त्यालगत जोडलेल्या चित्रानुसार त्याच चेहऱ्यावर भूक किंवा शोक पाहणारा प्रेक्षक. मौज अशी की मूळ फीत आज उपलब्ध नाही आणि वर्णनेही एकमेकांशी जुळत नाहीत. कुलेशोव यांचे शिष्य पुदोव्हकिन यांच्या कथनात शवपेटीत स्त्री आहे आणि तिसऱ्या चित्रात खेळण्याशी खेळणारी मुलगी. इतरत्र शवपेटीत मूल आणि तिसऱ्या चित्रात स्त्री. मात्र सुपाचा वाडगा दोन्हीकडे शाबूत आहे. परीक्षेत ही तीन चित्रे ठामपणे लिहिणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे.

अरे, चिठ्ठी आली. पाच मिनिटे. म्हणजे छापील विषयाला आता आरंभ करणे भाग आहे.

तर, शिकायचे कसे? दोन मिनिटांचा एक प्रसंग निवडा, आवाज बंद करा आणि प्रत्येक शॉटची नोंद करा : किती सेकंद, कॅमेऱ्याची उंची किती, भिंगाचा रोख वर की खाली की सरळ, पात्र कुठे पाहते, आधी कोणता शॉट होता आणि नंतर कोणता आला. उंची आणि रोख यांचे रकाने वेगळेच हवेत. जपानी दिग्दर्शक ओझू यांचा कॅमेरा जमिनीलगत असतो, तरी भिंग बहुधा सरळच पाहते, म्हणून तिथे लो अँगल लिहिणे चूक ठरते. (तेच ओझू ती 180 अंशांची रेषा खुशाल ओलांडतात, आणि तरीही तिसरा माणूस उगवत नाही, कारण दोन्ही पात्रांचा आकार आणि चौकटीतील जागा ते काटेकोर जुळवून घेतात. हे मला विद्यार्थिदशेत कळले असते, तर मी अध्यापकांशी वाद घातला असता.) अर्थाचा रकाना पूर्ण प्रसंग नोंदवून होईपर्यंत कोरा ठेवा, पेन शिवशिवले तरी ठेवा.

लो अँगलची तक्रार पुरी करतो. 1941 च्या ‘सिटिझन केन’ या चित्रपटात निवडणूक हरलेला केन आपल्या जुन्या मित्राशी बोलतो, तो प्रसंग इतक्या खालून चित्रित केला आहे की कॅमेऱ्यासाठी सेटची जमीन फोडावी लागली. कोशाप्रमाणे हा सत्तेचा शॉट. प्रत्यक्षात माणूस नुकताच सर्वस्व हरलेला आहे, आणि त्याच्या प्रचंड देहाच्या वर छत दिसते आहे. पराभवाची बातमी आधी येते आणि मग हा कोन येतो, हा क्रम उलटा केला, तर तुम्ही वेगळेच उत्तर लिहाल.

दुसरी चिठ्ठी आली. माझा तो जुना सराव मी सोबत आणला होता, तो दाखवायचा राहिला. ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे, आणि तिसऱ्या माणसाने कोणत्या रंगाचा सदरा घातला आहे ते मला सांगावे.